बुजवलेला बोर्ड

२०२४ साल. माझं वय अडुसष्ट. देगलूरात शकुंतलाबाईंच्या खोलीत मी स्टुलावर उभा, हातात टेस्टर. टेस्टर पेटत होता, म्हणजे करंट होता. पंखा ठीक, वायर ठीक. तरी बाई खाटेवरून "पंखा लाव" म्हणायच्या अन् काहीच व्हायचं न्हाई.

चाळीस वर्षांत मी जळालेलं पाहिलं, उंदरानं कुरतडलेलं पाहिलं. काहीच न बिघडता बंद पडलेली वस्तू पहिल्यांदा पाहिली.

बाई रिटायर मास्तरीण. माझ्या दोन्ही पोरी त्यांच्या हाताखाली शिकल्या. लकव्यानं बाईंचं अंग गेलं, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलतात. चार वर्षांमागं त्यांच्या लेकानं, सुधीरनं, पुण्याहून बोललेलं ऐकणारा डबा आणला. मीच बसवला. भिंत साफ दिसावी म्हणून त्यानं जुना स्विचबोर्ड बुजवायला सांगितला. मी बुजवला. तिथं चुकलो.

फोनवर सुधीर म्हणाला, "काका, कंपनीनं जुन्या मॉडेलचा सपोर्ट बंद केला. म्हणजे डबा चांगलाय, पण त्यांच्या कॉम्प्युटरनं त्याला उत्तर देणं सोडलं."

"कॉम्प्युटर कुठाय?"

"परदेशात."

मी खाली उतरून स्टुलावर बसलो. बाई इथं "पंखा" म्हणायच्या, तो शब्द समुद्रापार जायचा, तिकडून हुकूम यायचा, अन् माझ्या डोक्यावरचं पातं फिरायचं. सगळं एका दमात! अन् मी तिसरी नापास माणूस चार वर्षं त्याला खेळणं म्हणत होतो.

"नवा आण की मग."

"तोही कधी बंद करतील, काय सांगावं? सांजच्याला कामवाली गेली की आई अंधारात पडून राहणार. उद्या गाडी घेऊन येतो, तिला पुण्याला नेतो."

फोन स्पीकरवर होता. बाई एवढंच म्हणाल्या, "मला माझ्या घरातच राहायचंय." अन् कोरी पाटी घेऊन आलेल्या पोराकडं पाहावं तसं माझ्याकडं पाहिलं.

आमच्या उस्तादांची शिस्त होती, बोर्ड काढला तरी वायर कापायची न्हाई, घडी करून आत ठेवायची. म्हणजे पंख्याची अन् बत्तीची वायर भिंतीत शाबूत होती. तिथून खाटेपर्यंत लाइन ओढायची, बाईंच्या बोटांखाली घंटीची दोन नरम बटणं द्यायची, मधे रिले. ही रिले अशी की बटण एकदा दाबलं की पंखा लागतो, परत दाबलं की बंद होतो. नांदेडहून आणलेल्या दोन रिले माझ्या दुकानात पडून होत्या.

पण बोर्ड होता कुठं? वरून पुट्टी, वरून रंग. मला आठवेना, अन् तसं कबूल करायला जीभ रेटेना. अंदाजानं दोन ठिकाणी छिन्नी मारली. आत नुसत्या विटा.

"रशीदभाई, माझ्या भिंतीची चाळण करून राहिलात का?"

मी छिन्नी खाली घेतली.

बाईंनी डोळे मिटले. "तीस वर्षं शाळेतून आले की अंधारात हात तिथं जायचा. चौकटीपासून एक वीत आत. आता खाली या. आणखी. अहो, तुमच्या उंचीनं नका मोजू, माझ्या मोजा!"

मी गुडघे वाकवले.

"हां. तिथं."

छिन्नीचा पहिलाच घाव पोकळ वाजला. पुट्टी गळाली, आत लाकडी पेटी, अन् त्यात मीच घातलेली वायरची घडी. मी वळून पाहिलं. बाईंचा उजवा हात चादरीवर निपचित पडला होता. मिस्त्री मी, पण जागा त्या हाताला ठाऊक होती. 

सांजेला सुधीरचा फोन आला तेव्हा बाईंनी बोटाखालचं बटण दाबलं. जुना पंखा कुरकुरला.

"कसला आवाज? पंखा? कोणी लावला?"

"मी," बाई म्हणाल्या. "बंद करून दाखवू का?"

तिकडं सुधीर हसला. मग म्हणाला, "उद्या येतोच गं. दोन दिवस राहायला."

समुद्रापारच्या अकलेला माझा सलाम हाय. पण बटण आपल्या भिंतीत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन छिन्नी-हातोडी पिशवीत टाकली, अन् गावात असल्या डब्यांपायी जिथं जिथं मी बोर्ड बुजवले होते तिकडं निघालो. पहिल्याच घरचा मालक दारात म्हणाला, "मिस्त्री, आमचा डबा तर चालू हाय की!"

"हाव," मी म्हणालो, "आज चालू हाय." अन् चपला काढून आत गेलो.