भाग तिसरा येईपर्यंत: साळवेबाईंच्या जपानी कादंबऱ्यांची चौकशी

साळवेबाईंची आणि माझी ओळख संशयातून झाली, आणि खरं सांगायचं तर तो संशय अजून पुरता फिटलेला नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागायला संपादक मंडळी घरी आली, तेव्हा मी आधी हेच विचारलं, "माझं नाव कुणी सुचवलं?" ते नुसते हसले. म्हणजे बाईंनीच सुचवलं असणार. त्यात काहीतरी डाव आहे, हे धरूनच मी लिहायला बसलो आहे.

उमापूरजवळच्या आमच्या गावातल्या सहकारी दूध संस्थेत माझा जन्म दूध तपासण्यात गेला. कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडायचा आणि घालणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. पाणी घातलेलं असलं, की लॅक्टोमीटरच्या आधी तोंड बोलतं. चेअरमनसाहेबांच्या मेव्हण्याचं दूधही मी परत पाठवलेलं आहे. त्यामुळं बीडच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या साळवेबाई गावी परत आल्या आणि "संस्थेच्या रिकाम्या खोलीत वाचनालय चालवते, पगार नको," असं म्हणाल्या, तेव्हा मी कान टवकारले. फुकट काम मागणारा माणूस मी तरी कधी सरळ पाहिलेला नाही. पण बाईंच्या तोंडावर काही दिसेना, आणि मला तेच जास्त खटकलं.

पुढं त्यांची भाची नोकरीनिमित्त जपानला गेली आणि तिच्याकडून पार्सलं यायला लागली. खिशात मावतील अशी पुस्तकं, इंग्रजीत केलेली, आणि मुखपृष्ठावर म्हशीएवढे डोळे असलेल्या पोरी! मी विचारलं, "बाई, हे काय प्रकरण हाय?"

"लाईट नॉव्हेल म्हणत्यात, अण्णा. हलक्याफुलक्या कादंबऱ्या."

माझ्या धंद्यात हलकं म्हणजे पाणी घातलेलं. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. तिकडं ही पुस्तकं शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी निघतात, पण मोठी माणसंही आवडीनं वाचतात. वाक्यं तोकडी, निम्मं पुस्तक बोलण्याचं, मधेमधे चित्रं. गोष्ट एका पुस्तकात संपत नाही, भागामागून भाग येत राहतात. आणि नावं अशी लांबलचक, की नाव वाचलं तरी अर्धी गोष्ट कळावी. त्यांच्या हातातल्या पुस्तकाचं नाव त्यांनी मराठी करून सांगितलं: 'मी मेलो आणि दुसऱ्या राज्यात पाण्याच्या टाकीचा राखणदार झालो, पण राजकन्येचा माझ्यावर विश्वास नाही'. एवढं नाव संस्थेच्या पाटीवर मावलं नसतं.

भाचीनं एक मूळ जपानी प्रतही पाठवली होती. ती मी उघडली तर शेवटचं पान पहिलं! ओळी वरून खाली. मी म्हटलं, "बाई, फसवलं तुम्हाला. बांधणीच उलटी हाय." तिथं पेपर वाचत बसलेल्या करीमचाचांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि त्यांच्या उर्दू पुस्तकासारखं उजवीकडून उघडलं. "अण्णा, किताब सीधी हाय. तुमीच उलटे धरलाव." बाई तेव्हा हसल्या होत्या. ते मी विसरलेलो नाही.

मग दुष्काळ पडला. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली आणि गावातली निम्मी माणसं आपापल्या जनावरांजवळ ताडपत्रीखाली राहायला गेली. दुपारी टँकरची वाट बघण्याशिवाय काही काम नसायचं. बाई रोज उन्हातून छावणीत यायला लागल्या आणि ती राखणदाराची गोष्ट मराठीत सांगायला लागल्या. मी लक्ष ठेवायला म्हणून मागं बसायचो. एका कचेरीतला कारकून मरतो आणि दुसऱ्याच राज्यात जागा होतो. तलवार येत नाही, जादू येत नाही. त्याला फक्त हात लावून कळतं, टाकीत पाणी किती उरलं. राज्यात पाऊस नाही आणि आहे ते पाणीही कुणीतरी चोरतंय. राजकन्येला सगळ्यांचाच संशय, प्रधानाचा आणि राखणदाराचाही. पोरगी मला पटली. संशयी माणसाला इतका मान दिलेली गोष्ट मी आधी ऐकली नव्हती.

जनाबाई म्हणून एक धनगरीण होती, एकटी, दोन म्हशी घेऊन आलेली. ती सुरुवातीला कुणाशी बोलायची नाही. गोष्ट सुरू झाली तशी ती पुढं येऊन बसायला लागली. एक दिवस म्हणाली, "गोष्ट कावून आवडती सांगू का बाई, त्यो राखणदार आपल्यावाणीच हाय. त्येला काय बी येत न्हाई, पर त्यो पळून बी जात न्हाई." या पुस्तकांची गोडी कशात आहे हे मला कुणी विचारलं, तर मी जनाबाईचंच वाक्य सांगतो. बाईंनी कधीही "वाचा, शहाणे व्हाल" असं कुणाला म्हटलं नाही. त्या फक्त ऐन मोक्यावर थांबायच्या आणि छत्री उघडून चालायला लागायच्या.

इकडं संस्थेत तक्रार आली. संचालकांतल्या एकांना त्या चित्रांतल्या पोरींचे झगे आखूड वाटले. शिवाय पशुखाद्याची पोती ठेवायला जागा नव्हती, तेव्हा वाचनालय बंद करून खोली गोदामाला द्यावी, असं ठरत आलं. दुसरी तक्रार अशी, की बाई सांगतात ते पुस्तकात नाहीच. चेअरमन मला म्हणाले, "अण्णा, चौकशी तुमीच करा. तुमी कुणाला सोडत न्हाई." माझ्या एका शब्दावर ती खोली जाणार होती, आणि खोली गेली की बाई बीडला परत गेल्या असत्या.

मी माझ्या सुनेला त्या गोष्टीचे तोवर आलेले दोन्ही भाग वाचायला दिले. ती इंग्रजी शाळेत शिकवते. तिनं वाचले आणि सांगितलं, "मामा, राजकन्या मशाल घेऊन टाकीच्या दाराशी जाती, मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं, आणि भाग दुसरा संपतो. तिसरा आपल्याकडं न्हाईच."

मी उडालोच! छावणीत तर राजकन्या दार उघडून आत गेलेली, खाली भुयार सापडलेलं. म्हणजे गेले कित्येक दिवस बाई पदरचं सांगत होत्या. पकडलं! मी तसाच माळावर गेलो.

"बाई, पाणी घातलंत."

"घातलं," त्या म्हणाल्या. तोंडावर काही नाही. "पार्सल आलं न्हाई, अण्णा. राजकन्येला दाराशी उभी ठेवून घरी चालले, असं जनाबाईला कुठल्या तोंडानं सांगू? आणि तिकडं बी ही पुस्तकं अशीच जन्मतात. कुणीतरी साधा माणूस रोज थोडं इंटरनेटवर लिहितो, वाचणारे म्हणत्यात हे असं करा, ते तसं करा, तो पुढं लिहितो. मग कुणीतरी छापतं. इथं इंटरनेट न्हाई, जनाबाई हाय."

बैठकीत बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एका शब्दानंही मला गळ घातली नव्हती. मी उभा राहिलो. म्हटलं, चित्रं तपासली, आपल्या लग्नातल्या डीजेपेक्षा सोज्वळ आहेत. दुसरी तक्रार खरी आहे, भेसळ सापडली.

"मग करा बंद," चेअरमन म्हणाले.

"थांबा. नमुना अपुरा आहे. तिसरा भाग आल्याशिवाय भेसळ किती, हे ठरत नाही. आणि चौकशी चालू असताना खोलीतली वस्तू हलवता येत नाही."

असा नियम कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. चेअरमनच्या मातोश्री रोज छावणीत पुढच्या रांगेत बसायच्या, हे मला ठाऊक होतं. मग चेअरमन खाली बघत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, बाई. पर पाणी चोरतंय कोण?" पशुखाद्याची पोती त्यांच्याच ओसरीत गेली.

तिसरा भाग पाऊस पडून गेल्यावर आला. त्यात भुयार नव्हतंच. चोर निघाला प्रधान, जो मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. छावणीतल्या मंडळींना ते मुळीच पटलं नाही. जनाबाई म्हणाली, "जपानवाल्यानंच पाणी घातलंय." आता खरं दूध कोणतं, यावर गावात मतभेद झाले, म्हणून मी चौथ्या भागापर्यंत मुदत वाढवून घेतली. मग पाचव्या. खोली तिथंच आहे.

मध्यंतरी माझं बीडला हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी जेवण सोडून भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. बाई एसटीनं आल्या, खाटेजवळ बसून नवा भाग सांगितला आणि राजकन्येला पुरात सोडून उठल्या. म्हणाल्या, "फुडचं वाचनालयात. चालत या." याला माया म्हणायचं की दमदाटी? पण मी त्या दिवशी जेवलो, आणि घरी आल्यावर काठी टेकत का होईना, त्या खोलीपर्यंत गेलो. बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. हे मी एकदाच लिहीन.

आता बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघा बरा आहे, असं त्या सांगतात. माझा विश्वास नाही. पायरी चढताना त्या भिंतीला हात लावतात, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा या ग्रंथातून सर्वांसमक्ष कळवतो की चौकशी अजून चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत बाईंना आजारी पडता येणार नाही, गाव सोडता येणार नाही, आणि त्याहून लांब कुठं तर मुळीच जाता येणार नाही. तिकडचा लेखक तरुण आहे, त्याची गोष्ट इतक्यात संपत नाही, अशी माहिती मी भाचीकडून काढली आहे. मीही अजून अहवालाची पहिली ओळ लिहिलेली नाही.