मीठ वाढलंय, म्हणावं

संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोनच माणसं होती, मी आणि माझी सून. बायको आदल्या पावसाळ्यात गेली होती. पोरगा फौजेत, तेव्हा राजस्थानच्या वाळूत सीमेवर उभा. घर आमचं हट्टा गावाच्या अलीकडं, कालव्याला लागून. आत दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पडवी माझी, आतलं घर तिचं.

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर आली तर पदर पुढं ओढून बाजूला होई, आणि सासराही तिला हाक मारत नसे. आता हे पोरांना सांगितलं तर हसतात. हसू द्या. माझ्या बापानं पाळलं, मी पाळलं, आणि त्यात मला आजही काही वावगं दिसत नाही. बायको होती तोवर अडचणही नव्हती. मी पडवीतून म्हणायचो, "पाणी तापलं का म्हणावं." बायको तेच आत सांगायची आणि आतून उत्तर यायचं, "तापलंय म्हणावं." एकच बोलणं दोनदा व्हायचं. मधल्या मधी बायको आपल्या मनानं थोडं गाळायची, थोडं पदरचं घालायची. मी रागानं बोललेलं आत पोचेपर्यंत निवलेलं असायचं. हे ती गेल्यावर मला कळलं.

ती गेली आणि नुसतं "म्हणावं" तेवढं राहिलं. मी पडवीच्या खांबाकडं बघून म्हणायचो, "गिरणीत जायचंय, दळण काढून ठेवावं म्हणावं." थोड्या वेळानं उंबऱ्यात पिशवी यायची. तेल लागलं की तेलाची बाटली उंबऱ्यात, रॉकेल लागलं की डबा. मी उचलायचो, बाजारातून भरून आणायचो, परत तिथंच ठेवायचो. असं चाललं होतं. दिवसभर घरात आवाज म्हणाल तर रेडिओचा आणि भांड्यांचा.

रेडिओवर एका सकाळी सांगितलं की भारतानं आपला उच्चायुक्त परत बोलावला. मी फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथं रिटायर झालेले एक गुरुजी पेपर वाचून दाखवायचे आणि आमी पाच-सहा म्हातारे चहा पीत ऐकायचो.

"गुरुजी, उच्चायुक्त म्हणजे काय?" मी विचारलं.

बाजूलाच कटिंगचं दुकान होतं, त्याचा मालक वस्तरा पुसत म्हणाला, "आयुक्त औरंगाबादला बसतो. हा त्याच्यापेक्षा उंच असंल."

"तो न्हाई रे," गुरुजी म्हणाले. "आपला एक माणूस त्यांच्या देशात राहतो, त्यांचा एक आपल्याकडं. ह्या सरकारचं त्या सरकारला सांगायचं. तो परत बोलावला म्हणजे बोलणं तुटलं. आता रेल्वे बंद, बस बंद, विमानं बंद. फौजा समोरासमोर. दोघांकडं अणुबॉम्ब. मोठी लढाई होणार, लिहून घ्या."

"बॉम्ब इकडं येतो का पण?"

"काहून येत न्हाई?"

"हट्ट्याला एसटी बराबर येत न्हाई गुरुजी," कटिंगवाला म्हणाला, "बॉम्ब कुठून येतो."

सगळे हसले. मग एकदम सगळ्यांना आठवलं की माझं पोरगं तिकडं आहे, आणि हसणं बंद झालं. ते गप्प बसणं मला आवडलं नाही. मी म्हणालो, "लढाई होत न्हाई." गुरुजी म्हणाले, कशावरून? मी म्हणालो, "मी सांगतो न्हाई होत म्हणून." मी चौथीपर्यंत शिकलेला, माझ्याकडं दुसरं काय कारण असणार? ज्याचं पोरगं तिथं बंदूक घेऊन उभं आहे त्यानं आणखी काय म्हणायचं?

त्या दिवसापासून रोज बातम्या संपल्या की मी खांबाला सांगायचो, "लढाई होत न्हाई म्हणावं." आतून कधी उत्तर आलं नाही. भांड्यांचा आवाज मात्र तेवढ्यापुरता थांबायचा.

मग ते मिठाचं झालं. एक दिवस कालवण खारट लागलं. मी म्हणालो, "हातातून मीठ जास्त पडायलंय म्हणावं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतून आवाज आला, "मीठ वाढलंय म्हणावं." आणि ताटात आलेलं कालवण साफ अळणी.

तुमीच सांगा, कुणालाही काय वाटेल. मला वाटलं, ही माझी नक्कल करून राहिली. कालचा माझाच शब्द उलटा करून मला वाढला. मी अर्धं ताट बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी परत तेच, "मीठ वाढलंय म्हणावं," जरा मोठ्यानं. परत अळणी. मी ताट तसंच ठेवून उठलो, फाट्यावर गेलो आणि भजे खाल्ले.

गावात भजे काही गुपचूप खाता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी तिला विचारलं म्हणे, "सासऱ्याला उपाशी ठेवती का गं?" तिनं घागर भरली नाही, तशीच घरी आली. त्या दिवशी ताट उंबऱ्यात आलं, त्यावर झाकण होतं, आणि ती आतल्या खोलीचं दार लावून बसली. मी म्हटलं, दार लावायचं काम काय? मग मीही बाजाराला गेलो नाही. आता उंबऱ्यात पिशवी यायची बंद झाली. मी घरात यायचो तो चपला वाजवत, तिनं बाजूला व्हावं म्हणून. ती माझ्या चपलांचा आवाज ऐकून हातातलं काम टाकायची. दोघांपैकी कुणी एक शब्द वाईट बोललं नव्हतं. तरी आठवड्याभरात असं झालं की घरात पाय टाकावा वाटेना.

तिचा भाऊ आला. पडवीत टेकला, पाणी प्याला.

"मामा, ताईला थोडे दिवस घेऊन जातो."

"काहून?"

"आईला बरं न्हाई."

त्याच्या आईला काही झालं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "जाऊ द्या की. मी काय धरून ठेवलंय का कुणाला." ती माझ्या समोरून पिशवी घेऊन गेली. पायरीवर जरा थांबली. मी कालव्याकडं बघत होतो.

तिचं माहेर पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात. दोन एसटी बदलून जावं लागतं. ती गेली आणि मला घराचा खरा आवाज ऐकू आला. पत्रा उन्हानं तडतडतो, तो एवढ्या मोठ्यानं तडतडतो हे मला माहीत नव्हतं. भाकरी मी थापायला शिकलो, वाईट झाली तरी खायचो. बातम्या संपल्या की सवयीनं तोंड उघडायचो आणि मिटायचो. आत कुणी नाही तर खांबाला सांगून काय करायचं?

उन्हाळ्यात परत तणाव वाढला. तिकडं दुसऱ्या एका छावणीत फौजींच्या बायका-पोरांवर हल्ला झाला आणि रेडिओवाला असा बोलू लागला की जणू उद्याच तोफा सुरू होतात. त्याच दिवसांत फाट्यावरच्या एसटीडीवाल्यानं मला बोलावणं धाडलं, पोराचा फोन आहे म्हणून.

"बा, ती तिकडं काहून गेली?"

"तिला विचार."

"विचारलं. ती म्हणते मी तर सांगितलं होतं, मीठ वाढलं म्हणून."

"वाढलं तर कालवण अळणी कसं?"

तिकडून पोरगा हसला. लई दिवसांनी त्याचं हसणं ऐकलं. "बा, वाढलं म्हणजे सरलं. त्यांच्याकडं घरातली चीज सरली की बाया सरलं म्हणत न्हाईत, वाढलं म्हणतात. अपशकुन नको म्हणून. आणि मी इथं आल्यापासून तर ती सरलं हा शब्दच तोंडातून काढत न्हाई. तेलाला न्हाई, पिठाला न्हाई."

मिठाची बरणी चिनी मातीची, जड. उंबऱ्यात ठेवता येत नाही, म्हणून ती सांगत होती. शेजारणीकडं मागितलं असतं तर फौजीच्या घरात मीठ नाही असं गावभर झालं असतं, म्हणून मागितलं नसेल. हे सगळं मला त्या काचेच्या खोलीत उभ्या उभ्या समजलं. पण मी म्हणालो, "आमच्या घरात आमच्यासारखं बोलावं."

"कुणाशी बोलावं, बा? तुमी बोलता का तिच्याशी?"

मी विषय बदलला. "तिकडं काय चालू आहे?"

"काय न्हाई. ते आमच्याकडं बघून राहिले, आमी त्यांच्याकडं. परवा तिकडून धूर जास्त दिसला तर इकडं सगळ्यांनी बूट चढवले. मागून कळलं, त्यांच्याकडं कसलं तरी जेवण होतं."

"मग लढाई?"

"कुणालाच करायची न्हाई, बा. पण बूट काढायला कुणी तयार न्हाई."

फोन तुटला. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. आजवर मला वाटायचं की लढाई कुणी तरी ठरवतं, मोठी माणसं बसून ठरवतात, आणि ती शहाणी असतील तर ठरवणार नाहीत. माझं "न्हाई होत" त्याच्यावरच उभं होतं. त्या धुराचं काही कुणी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीची गाडी धरली. बोलावणं नसताना सुनेच्या माहेरी सासऱ्यानं जाणं आमच्यात कमीपणाचं. पुढं पैनगंगा कोरडी पडली होती, वाळूतून पायी गेलो.

व्याही दारातच होते. "या पाव्हणं. निरोप धाडला असता तर बैलगाडी पाठवली असती."

"निरोप कुणासंगं धाडू? घरात आहे कोण?"

त्यांनी हात धरून आत नेलं. विहीणबाईंनी ताट वाढलं आणि भिंतीआडून म्हणाल्या, "वरून मीठ लागलं तर मागा म्हणावं." आत कुणी तरी हसलं. मी मान खाली घालून सगळं जेवलो.

हात धुतल्यावर व्याही म्हणाले, "काय सांगायचं ते मला सांगा, मी आत सांगतो."

"नको. तिला बोलवा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग आत गेले. ती दारात येऊन उभी राहिली, पदर पुढं ओढलेला. मी समोरच्या कॅलेंडरकडं बघून बोललो. "वाढलं म्हणजे सरलं, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं तसं म्हणत न्हाईत. घरी चल."

मग तिचा आवाज आला. इतकी वर्षं हा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला होता, माझ्याकडं तोंड करून कधी नाही.

"मामा, लढाई होईल का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. हॉटेलात रोज देत होतो, खांबाला रोज देत होतो. पण तिनं मला विचारलं होतं, मधी कुणाला न घेता. माझ्या डोळ्यांपुढं बूट घालून बसलेलं पोरगं आलं.

"मला माहीत न्हाई," मी म्हणालो.

तिनं पदर सारखा केला. "मग मी इथंच राहते. आईपाशी. तिथं तुमी रोज म्हणायचे, होत न्हाई, होत न्हाई. ते ऐकलं की मला झोप लागायची. तुमी आज तसं म्हणाले असते तर मी आले असते."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत होतं की म्हणा की बाबा, दोन शब्द तर आहेत. मलाही कळत होतं. पण एकदा तोंडातून गेलेलं मी कधी फिरवलेलं नाही, आणि माहीत न्हाई हे तर खरं होतं. मी टोपी घातली. तिनं वाकून नमस्कार केला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत वाळूत उतरलो.

पावसाळा मी एकट्यानं काढला. हॉटेलात कुणी विचारलं तर "न्हाई होत" असंच म्हणायचो, तिथं ते ठीक होतं. घरी रेडिओ लावून बसायचो. भिंतीपलीकडं ऐकणारं कुणी नसलं की बातमी नुसती अंगावर पडते, पुढं कुणाला देता येत नाही.

दसरा झाल्यावर एका सकाळी रेडिओनं सांगितलं, फौजा मागं घेणार. लढाई झाली नाही. मी म्हणत होतो तेच बराबर निघालं. गुरुजी त्या दिवशी भेटले असते तर ऐकवलं असतं, पण मी हॉटेलाकडं वळलोच नाही. सरळ एसटीडीच्या काचेच्या खोलीत गेलो आणि पोरानं दिलेला नंबर लावायला सांगितला. तिच्या माहेरच्या शेजारी तो फोन होता. कुणी तरी तिला हाक मारायला धावलं. मी कान लावून उभा. तिच्या पावलांचा आवाज आला, मग श्वास.

मी म्हणालो, "फौजा मागं घेणार. लढाई होत न्हाई."

"कळलं, मामा," ती म्हणाली. "त्यांचा कालच फोन येऊन गेला."

"बरं."

"आणखी काही सांगायचं होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. तरी थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवला. तिकडून तिनंही ठेवला नव्हता.