जोतिबा मापाड्याची पहिली पायली

आष्ट्याच्या अलीकडं एका गावात रसूल शिंपी होता. हात शिलाईयंत्रावर आणि जीव नाटकात. जत्रेच्या नाटकात दुष्ट माणूस करावा तर रसूलनंच, असं लोक म्हणायचे आणि हा गडी त्यावर फुगायचा.

दुसऱ्या महायुद्धाचं शेवटचं वर्ष. रेशनिंगनं माणसं पिचलेली. शाळेतल्या मधु मास्तरांनी नाटक लिहिलं. त्यात एक भला शेतकरी आणि एक काळाबाजार करणारा दुकानदार. शेतकरी झाला लालासाहेब, उंचापुरा, देखणा; दुकानदार अर्थातच रसूल. पण तालमीला रंगच चढेना. मास्तर वैतागले. दुष्ट माणूस असा मिळमिळीत असल्यावर भल्याचं भलेपण दिसणार कुठं, रसूलला म्हणाले. तुला बघताक्षणी लोकांना चीड आली पाहिजे, काहीतरी कर.

रसूल नमुना शोधत हिंडला. गावात खरा लबाड होता की, रेशन दुकानवाला! पण त्या बेट्यात उचलण्यासारखं काही नव्हतं. गोड बोलायचा, हात जोडायचा. नाटकाचा पडदासुद्धा त्यानंच दिला होता.

मग रसूलला जोतिबा मापाडी दिसला. खळ्यावर धान्य मापून देणारा, गावातला सगळ्यात सरळ माणूस. मापाडी पहिल्या पायलीला, म्हणजे पहिल्या मापाला, ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. रास वाढावी म्हणून. जोतिबा लाभ म्हणताना छातीवर हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि पोटातून लांबवायचा, "लाऽऽभ." ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. रसूलनं ते जसंच्या तसं उचललं. वर आपल्या पदरचं घातलं ते एवढंच, की डोळे मिटून दुसऱ्या हातानं धान्य हळूच आपल्या पोत्यात ढकलायचं.

काय सांगायचं, नाटक नुसतं पेटलं! लालासाहेब गुमान उभा राहिला तरी देवमाणूस वाटायला लागला. रेशन दुकानवाला पुढं बसून पोट धरधरून हसत होता. जोतिबाही मागं उभा होता. तो हसला का नाही, ते रसूलनं बघितलं नाही. टाळ्या पडताना बघतंय कोण?

नाटकाला गावोगावची बोलावणी आली. इकडं सुगी लागली. जोतिबानं लाभ म्हटला की खळ्यावर माणसं फिसकन हसायची. "तात्या, डोळं उघडं ठेवा," असंही कुणीतरी म्हणालं. चेष्टाच ती. पण मग लोक त्याच्या हाताकडं बघायला लागले. उभ्या जन्मात ज्यानं परक्याचा दाणा घेतला नाही, त्या हाताकडं! हळूहळू खळ्यांवर शेजारच्या गावचा मापाडी दिसायला लागला.

रसूल हे दुकानातनं बघत होता. जोतिबा पूर्वी त्याच्या दुकानात पान खायला टेकायचा. आता बगलेत पायली धरून खाली मानेनं निघून जायचा. रसूलची बायको अख्तरबी एकदा म्हणाली, तुमचं नाटक तोंड धुतलं की संपतं, त्या म्हाताऱ्यानं काय धुवायचं? रसूलनं मनाशी ठरवलं, आता लाभ म्हणायचा नाही. उंब्रजच्या खेळात म्हटलाही नाही. तर लोकांनी लाभ म्हण, लाभ म्हण असा गिल्ला केला. लालासाहेब भांबावला, नाटक पडायला आलं. आणि रसूलचा हात छातीवर गेलाच. स्वतःची एवढी किळस त्याला कधीच आली नव्हती.

शेवटी त्याला एकच सुचलं. त्याचं तुकडाभर रान होतं, त्यातल्या जोंधळ्याची रास पडली होती. ती मापायला त्यानं जोतिबाला बोलावलं आणि गावातली चार माणसंही बोलावली. सगळ्यांदेखत सांगितलं, ढापणारा हात माझ्या डोक्यातनं आला, तात्यांच्या अंगात ते कधीच नव्हतं. माणसं म्हणाली, आवो, ते काय आम्हाला ठाऊक नाही होय? आणि इकडंतिकडं बघायला लागली.

जोतिबा पुढं झाला. राशीपुढं बसला. पायली भरली, वरनं हात फिरवला, ओतली.

"एक," तो म्हणाला. डोळे उघडे.

 रसूल त्याच्याजवळ खाली बसला.

"आवं तात्या, लाभ म्हना की. माझ्या राशीला तरी."

जोतिबानं दुसरी पायली भरत आणली होती. त्यानं हात थांबवला. रागावलेला दिसत नव्हता.

"न्हाई रं, गड्या. लाभ म्हटला की आता समद्यास्नी तूच दिसतोस. डोळं मिटलं की मला बी."

मग त्यानं पायलीवरनं हात फिरवला आणि दोन म्हणून ती ओतली.