लाल्याचा श्रावण

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, भाजत होते. बाजारातून आणलेला, तीनतीनदा धुऊन खारटपणा काढलेला, पंख्याखाली वाळवलेला जवळा, तेलाचा थेंबही न टाकता मंद आचेवर. तो आमच्या जेवणासाठी नव्हता. महाडला ताईकडे एक मासा होता, त्याच्यासाठी होता. पलीकडून तिच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही निघा. वहिनी सकाळपासून दार उघडत नव्हत्या, आता तोडून आत गेलो तर..." गॅस बंद केला, हात साबणाने धुतले आणि पोलादपूरच्या स्टँडवर जी मिळाली ती एसटी पकडली. तरी वाटभर बोटांना वास येत होता. सख्खी बहीण गेली आणि माझ्या हाताला सुक्या मासळीचा वास! या गोष्टीचा मला अजून राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

सुमनताई माझ्याहून बरीच मोठी. भाऊजी लवकर गेले, मग तिने शिवणकाम करून एकुलत्या नितीनला वाढवला. तो बारावीला असताना एक दिवस बाजारपेठेतून प्लास्टिकच्या पिशवीत हा मासा घेऊन आला. करंगळीएवढा, पण लालभडक. "खायचा नाय तर आणलास कशाला रे?" ताई वैतागली. आमच्याकडे मासा म्हणजे तव्यावरचा, तो काचेत ठेवून बघत बसायची रीत आमच्या सात पिढ्यांत नव्हती. नितीनने त्याचं नाव लाल्या ठेवलं. पुढे नितीन नोकरीसाठी डोंबिवलीला गेला, तिथेच लग्न केलं, आणि काचेची टाकी, लाल्या आणि ताई महाडला राहिले. मग एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं. ताईने कपाट, मशीन, सगळं तसंच सोडलं आणि लाल्याला कळशीत घालून गच्चीवर नेलं. जीव वाचला, पण त्यानंतर त्याचा रंग उतरायला लागला. आधी पोट पांढरं पडलं, मग पाठ...

तिने नितीनला फोन केला. त्याने मोबाइलवर वाचून सांगितलं, घरातलंच घाल, गाजर, लाल भोपळा, अंड्याचा बलक. झालं! ताई कामाला लागली. गाजर उकडून त्याचा लगदा, भोपळ्याची फोड, साल काढलेला वाटाणा. बलकाने टाकीतलं पाणी असं नासलं, की दोन दिवस घरात बसवेना. बीट घातलं, तर रंग आला तो लाल्याच्या शीला. हे सगळं ती रोज फोनवर नितीनला सांगायची, तोही हसायचा, आणखी काही सुचवायचा. जवळ्याची पूड त्यानेच सुचवली आणि तिचाच गुण आला. एरवी त्या दोघांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'औषध घेतलंस का' एवढंच. लाल्यामुळे फोन लांबायचे. पुढे पुढे त्याला वेळ नसायचा. "दे गो काहीतरी," म्हणायचा आणि ठेवायचा. दिवसभर राबून आलेला मुलगा, माशाबद्दल किती बोलणार?

आता खरी गंमत. श्रावण लागला की ताईच्या घरात मासळी बंद, ती थेट गणपती जाईपर्यंत. सुक्या मासळीचा डबासुद्धा ती बाहेर पडवीत ठेवायची. मग लाल्याला जवळा कसा मिळणार? "ह्या घरात राहतो ना, मग त्याला पण श्रावण," हे तिचं उत्तर. मी म्हटलं, "अगं, तो स्वतःच मासा आहे! त्याला कसला श्रावण?" तर मला म्हणाली, "तू मास्तरीण हायस, मला नको शिकवू." वर्षभर जवळा खाऊन लाल्या जरा केशरी व्हायचा आणि नेमका श्रावणात परत फिका पडायचा. नितीन यायचा तो गणपतीला. म्हणजे दरवर्षी त्याला मासा दिसायचा तो सगळ्यात पांढरा असताना. ताईची वर्षभराची मेहनत त्याने कधी पाहिलीच नाही.

गेल्या गणपतीत तो टाकीजवळ उभा राहून सहज म्हणाला, "आई, हा मेल्यासारखाच दिसतो गो. सोडून दे नदीत, नवीन आणू." दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून नितीन, त्याची बायको आणि लेक, तिघं त्याच संध्याकाळी निघाली. भांडी घासता घासता ताई मला म्हणाली, "लाल्या लाल असता ना, तर पोरगा दोन दिवस जास्त राहिला असता."

"पोरं माशासाठी राहत नाहीत, ताई."

"मग कशासाठी राहतात? सांग ना."

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळायला लागले.

यंदा आषाढात मी गेले तेव्हा ती खाटेवर पडून होती. पायाला सूज, बोलताना धाप. टाकीकडे बघत म्हणाली, "यंदा त्याचा श्रावण मोडते. माझा मी पाळीन. पाप लागलं तर मला लागू दे. गणपतीला नितीनला लाल दिसला पायजे. तू जवळा घेऊन ये." तिने एवढं मोडतं घेतलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं. श्रावण लागायच्या आधीच ती गेली.

नितीन वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने आला. खूप रडला, खोटं कशाला सांगू. दिवस झाले, घराला कुलूप लागलं. निघताना म्हणाला, "मावशी, तू नेशील का ह्याला? नाहीतर..." मी त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. त्याच कळशीत घालून लाल्याला मांडीवर घेतलं आणि पोलादपूरला आणलं.

आमच्याकडेही श्रावण पाळतात. नवऱ्याने नाक मुरडलं, पण मी रोज सकाळी चिमूटभर जवळा घातला. ताईने सांगितलं होतं ना! आणि रंग आला. आधी शेपटीच्या मुळाशी, मग पाठभर, इतका की मलाच खरं वाटेना. यंदा गणपती आणायचा नव्हता, त्यामुळे नितीनही येणार नव्हता. चतुर्थीच्या दिवशी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टाकीसमोर धरला.

"अरे वा, मावशी! नवीन घेतलास? मस्त लाल हाय गो. बरं केलंस. आईचा तो पांढरा गेला असेल ना?"

मी म्हटलं, "हो."

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. ताईसाठी अशी मोकळी मी तोवर रडलेच नव्हते.

जवळ्याचा डबा अजून ओट्यावर आहे. तिच्यासाठी भाजायला घेतलेला, अर्धवट राहिलेला तो जवळा मी नंतर पुरा भाजून त्यात भरला. सकाळी झाकण वाजलं की लाल्या काचेपाशी येतो, ताईकडे यायचा तसाच. मी चिमूट सोडते, हात धुते. बोटांना वास राहतोच... हल्ली मी पुन्हा साबण लावत नाही.