न डुरकणारा वळू

चौऱ्याऐंशीच्या सुमारास लग्न होऊन मी सौंसरहून तिगावजवळच्या शेतावर आले. माझे वडील शाळामास्तर. गाईगुरांशी माझा संबंध रतिबाच्या दुधापुरता. सासरी कापूस होता, संत्र्याची बाग होती, पण जेवताना बोलणं चालायचं ते वळूंचं आणि वासरांचं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शंकरपटाचा नाद होता. त्या शर्यतीत पळवायचे बैल ते विकत घेत नसत. घरच्याच पांढऱ्या गवळाऊ गाईंपासून ते तयार करत.

निवडायची त्यांची एक रीत होती. वासरू जरा मोठं झालं की त्याच्यासमोर ते रिकामं पोतं एकदम झटकत. जे बिचकून मागे सरे, फुसकारे, खुरांनी माती उकरे, ते पुढे बडवून, म्हणजे खच्ची करून, औताला लावायचं. जे जागचं हलत नसे, नुसतं बघत राही, ते वळू म्हणून राखायचं. "भेव नाही त्याच्यात," असं ते समाधानाने म्हणत.

मी आले तेव्हा कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, असाच राखलेला एक वळू होता, आणि त्याचीच एक कालवड. ती माजावर आली तेव्हा सावरगावचा वळू आणावा असं माझे यजमान म्हणाले. मामाजींनी मान हलवली. घरचाच दाखवायचा, त्यांनी ठरवलं होतं.

सासूबाई पीठ चाळत होत्या. त्यांनी चाळणी खाली ठेवली.

"बापलेकीचं जुळवून राहिले तुम्ही. असं कोणी करते का?"

"बाहेरचं रक्त आलं का तेज पातळ होते," मामाजी म्हणाले, आणि कालवड सोडायला गेले.

त्या कालवडीला गोऱ्हा झाला. आईपासून दूर बांधला तरी तो हंबरला नाही. मला वाटलं, अशक्त असेल. पण तो झपाट्याने वाढला, देखणा झाला. पोत्याची परीक्षा झाली तेव्हा त्याने पापणीही हलवली नाही. मामाजींनी त्या दिवशी घरात गोड करायला सांगितलं.

पुढे मला काही गोष्टी दिसू लागल्या. शेताकडेच्या रुळांवरून गाडी शिटी देत गेली की सगळी गुरं माना वर करत. हा करत नसे. हा पाण्याच्या टाक्यावर आला की बाकीची जनावरं तहानलेलीच बाजूला होत. आमचा सालदार त्याच्यासमोर वैरण टाकताना भिंतीला पाठ लावून सरके. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, बाकीचे वळू डुरकतात, मान खाली घालतात, आधी समजते. याचं काहीच समजत नाही. त्याने हे मामाजींनाही सांगून पाहिलं होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

तोवर त्याची कीर्ती पसरली होती. तिगावचे, सावरगावचे लोक आपल्या गाई घेऊन येत. मामाजी प्रत्येकाला कोठ्याशी नेऊन त्याची छाती, त्याचे पाय दाखवत. सासूबाई त्या वेळी घरात जात.

एका सकाळी मी धुणं वाळत घालत होते. मामाजी वळूला टाक्यावरून परत आणत होते. कासरा सैल होता, ते त्याच्याशी काहीतरी बोलत होते. वळू थांबला. ना फुसकारला, ना खूर आपटला. पुढच्या क्षणी मामाजी कोठ्याच्या भिंतीला चेपलेले होते आणि त्याचं कपाळ त्यांच्या छातीवर होतं. आवाज आला तो फक्त भिंतीची माती ढासळण्याचा. हातातलं ओलं लुगडं घेऊन मी धावले आणि ते त्याच्या डोळ्यांवर फेकलं. सालदाराने मामाजींना ओढून काढलं.

बरगड्या मोडल्या होत्या, खुबा निखळला होता. पांढुर्ण्याहून त्यांना नागपूरला न्यावं लागलं. वाचले, पण पुढे काठीशिवाय चालले नाहीत.

ते घरी येण्याआधीच सासूबाईंनी ढोरांच्या डॉक्टरला बोलावून वळू बडवून घेतला. तेव्हाही तो ओरडला नाही. त्याच्यामागे औत धरायला कोणी तयार होईना, म्हणून यजमानांनी त्याला बाजारात नेलं. घेणाऱ्याला झालेलं सगळं स्पष्ट सांगितलं. तो म्हणे हसला, आणि घेऊन गेला.

मामाजी खाटेवर पडून दाराकडे बघत. वळूबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, तेही मला.

"सूनबाई, त्याच्यापासून गाभण असलेल्या गाई व्याल्या का?"

"काही व्याल्या म्हणे, मामाजी."

"वासरं हंबरतात का?"

मला माहीत नव्हतं. सावरगावहून कोणी आलं की विचारीन, असं मी सांगितलं. पण तिकडून आमच्याकडे येणं लोकांनी तेव्हा सोडलंच होतं.