चाचांचा दीड तास

चाचा अंतर दोऱ्याने मोजत. १९५८ साली कुवेतच्या बाजारातल्या विमान-तिकिटांच्या कचेरीत ते आणि मी शेजारी बसत असू. टेबलावर पृथ्वीचा गोल होता. कुवेत ते मुंबई ताणलेल्या दोऱ्याला त्यांनी प्रवासाच्या तासांइतक्या गाठी मारल्या होत्या, आणि त्यावरून ते जगातला कुठलाही प्रवास सांगत. रत्नागिरीकडचे, सारी उमर गलबतावर गेलेली. विमानात मात्र कधी बसले नव्हते. "बसलो तर खिडकीतून बघत र्‍हाईन, हिशेब चुकंल," म्हणत.

आमचे मुंबईकर मॅनेजर पंखा बंद पडला तरी कोट काढत नसत. चौकशीच्या उत्तरासाठी त्यांनी छापील फॉर्म काढला होता: अंतर, लागणारा वेळ, आणि पोहोचण्याची वेळ दोन पद्धतींनी. कुवेतमध्ये तेव्हा साहेबी घड्याळ चाले, आणि सूर्य मावळला की बारा धरायची जुनी रीतही. एकही चौकोन रिकामा सोडू नये, असा हुकूम भिंतीवर काचेत लावलेला होता.

जूनमध्ये एक कॅनडियन इंजिनिअर आला. त्याची बायको कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या एका वस्तीत नर्स होती. त्याला तसल्याच दुसऱ्या वस्तीत नोकरी मिळत होती. मधे विमानाला किती वेळ लागेल? चाचांनी दोरा लावला, तिकडची विमानं बारकी असणार म्हणून थोडा वेळ वाढवला आणि लिहिलं, दीड तास. मग मावळतीच्या चौकोनाशी अडले.

"विचार त्याला, थंय दिवस कधी बुडतो?"

मी विचारलं. "म्हणतो, या दिवसांत बुडतच नाही."

"मग बारा कधी धरू?"

मॅनेजर कडाडले, "काहीतरी भरा हो!"

"कायतरी कसा भरू, साहेब? मानूस बायकोकडं चाललाय."

"चौकोन रिकामा राहिला, तर तुमची नोकरी गेली समजा."

चाचांनी चौकोन रिकामा ठेवून सही केली. इंजिनिअर खूश होऊन गेला, आणि आठवड्याने चाचा मुंबईच्या बोटीत चढले. निरोप द्यायला गेलो, तर मलाच म्हणाले, "तू तुजे चौकोन भरीत जा हां. पोरं लहान हायत तुजी."

चार महिन्यांनी इंजिनिअरचं कार्ड आलं. प्रवास बरोबर दीड तासाचा झाला होता. फक्त धुकं निवळून विमान सुटेपर्यंत अकरा दिवस गेले होते. मॅनेजरसाहेबांनी कार्ड काचेत बसवलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.

मी चाचांना गावी कळवलं. उत्तर आलं: "धुक्याचं मला सुचायला हवं होतं. खाडीच्या तोंडाशी मी काय कमी थांबलो? त्या इंजिनिअरची बायको अकरा दिवस वाट बघत राहिली. माझ्या वतीने माफी लिही."

माफीचं पत्र मी कचेरीच्या कागदावर टाइप केलं. मॅनेजरसाहेबांनी न वाचता सही केली.