ब्लीचची बाटली

परक्या देशात थोडीफार भाषा येत असली, की इतरांची दुखणी आपोआप आपल्या दाराशी येतात. मी पुण्यात संध्याकाळच्या क्लासला दोन वर्षं जपानी गिरवलं, एवढंच माझं पाप! नव्वदच्या दशकात जपानमध्ये, ग्योतोकुच्या कंपनी फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो: मी, जोश्या आणि सुधीर. कुणाचा दात दुखो, कुणाची पाठ धरो, डॉक्टरकडे बरोबर मीच. त्यामुळे माझ्याकडे नको नको ते किस्से साठलेत.

*

डिसेंबरात ऑफिसची बोनेनकाई झाली, म्हणजे वर्षअखेरची पिण्याची पार्टी. ती संपल्यावर काही जपानी सहकारी जोश्या आणि सुधीरला ‘तसल्या’ जागी घेऊन गेले. मी सर्दीने घरी पडलो होतो म्हणून वाचलो, उगाच साधुत्व मिरवत नाही.

चार दिवसांनी जोश्याला खाली खाज सुटली, कातडी लाल झाली. पठ्ठ्या एकदम धार्मिक झाला. अंडी सोडली, सकाळी अथर्वशीर्ष सुरू. ‘आईला सांभाळ’ म्हणून भावाला पत्रसुद्धा लिहिलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तपासलं आणि शांतपणे विचारलं, कपडे कशाने धुता? दुसऱ्या दिवशी आम्ही बाटली घेऊन गेलो. त्याच आठवड्यात जोश्याने नवी आणली होती, आणि लेबल वाचता येत नसल्याने साहेब साबण समजून निव्वळ ब्लीचमध्ये चड्ड्या धूत होते! मला विचारलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणाला, “चड्डी धुवायला दुभाष्या लागतो होय?”

*

यावर सगळ्यात जास्त हसला सुधीर. दुसऱ्या दिवशी स्टेशनकडे चालताना तोच हळूच म्हणाला, “मी त्या बाटलीला हात लावलेला नाही रे. लघवीला जळतंय. पू येतोय.”

सुधीरच्या लग्नाला वर्ष झालं होतं. वैशाली वहिनींचा व्हिसा आला होता आणि दहा-बारा दिवसांत त्या पुण्याहून येणार होत्या. त्याआधी हे निस्तरायलाच हवं होतं.

पण गडी डॉक्टरकडे यायला तयार नाही. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट नुकताच आला होता. हृदय, लिव्हर, डोळे, सगळीकडे ‘ए’ ग्रेड. तो कागद त्याने पाकिटात घालून ठेवला होता. मी म्हटलं, ही तपासणी ऑक्टोबरची आहे बाबा, आणि ती याची नव्हेच. त्याने कागदाची घडी घातली आणि पुन्हा पाकिटात ठेवली.

*

शेवटी नेलाच. फॉर्मवर प्रश्न होता, शेवटचा शरीरसंबंध कधी आणि कोणाशी. सुधीर म्हणाला, “बायकोशी, लिही.” वहिनी सहा महिने पुण्यात होत्या. तसं म्हटल्यावर म्हणाला, “मग आठवत नाही, लिही.”

डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. एकही चुकवायची नाही, संपल्यावर पुन्हा तपासायचं, तोवर बायकोजवळ जायचं नाही. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

*

एड्सच्या तपासणीला सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथे नाव विचारत नाहीत, नंबर देतात. आठवड्याने निकाल घ्यायला गेलो तर नर्सबाई बाहेर येऊन कमरेत वाकल्या आणि अगदी आदराने पुकारलं, सात नंबरचे महाशय! महाशय खुर्चीतून उठेचनात. मी दंडाला धरून उभा केला.

निगेटिव्ह. पण इतक्या लवकर खात्री देता येत नाही, तीन महिन्यांनी परत या, असंही बाई म्हणाल्या. मी तेही सांगितलं. सुधीर म्हणाला, “ते तू ऐकलंस. मी पहिला शब्द ऐकला.”

त्याच संध्याकाळी उरलेल्या सात दिवसांच्या गोळ्या माझ्या खणात आल्या. सुधीरची जळजळ थांबली होती, आणि गोळ्यांचं पाकीट वैशालीच्या हाती लागायला नको होतं.

*

दोन दिवसांनी वहिनी नारिता विमानतळावर उतरल्या, आणि सुधीर त्यांच्याबरोबर वेगळ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. माझ्यासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला होता. म्हणाल्या, सुधीर पत्रात लिहितो, तुम्ही त्याच्यासाठी किती करता. मी डबा घेतला. दुभाष्याने मध्ये स्वतःचं बोलायचं नसतं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगतो, त्यातल्या एकाही लाडवाला मी हात लावला नाही. सगळे जोश्याने खाल्ले.

*

जानेवारीच्या शेवटी, एका शनिवारी, वहिनींचा फोन आला. सुधीर कामासाठी त्सुकुबाला गेला होता. बायकांच्या डॉक्टरकडे जायचंय, याल का, म्हणाल्या.

वेटिंग रूममध्ये फॉर्म माझ्या मांडीवर. मी प्रश्न मराठीत विचारत होतो, त्या खाली मान घालून उत्तरं देत होत्या. जळतं. ओटीपोटात दुखतं. दोन दिवस ताप आहे. मी जपानीत लिहीत होतो.

मग प्रश्न आला, नवऱ्याला असा काही त्रास झाला होता का? तो मी फॉर्मकडे बघतच विचारला.

वहिनींनी पर्स उघडली आणि ब्लीचची बाटली काढून माझ्या फॉर्मवर ठेवली. बाटली कोरी होती, झाकणाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

“सुधीर म्हणाला, डॉक्टरांना ही दाखव. जोशी भाऊजींनाही हिच्यानेच झालं होतं म्हणे.”

मी सीलवरून बोट फिरवलं. वहिनींनी बाटली उचलून पुन्हा पर्समध्ये ठेवली.

“आल्या दिवसापासून कपडे मी धुते, भाऊजी. या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, तुम्हाला येतं. लिहा.”